जुन्या लिनक्स संगणकाचा रेडिओ करूया (इयत्ता ८ वी ते १० वी, विज्ञान आणि गणित)



आजच्या मुलांना रेडिओ म्हणजे मोबाईलमधलं एक ॲप वाटतं. नेट असलं तर वाजतो, नसलं तर बंद. पण रेडिओच्या लहरी नेट नसतानाही आपल्या वर्गातून, घरातून जातच असतात. त्या पकडायच्या कशा आणि त्यातून आवाज काढायचा कसा, हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. त्यासाठी लागतो एक जुना संगणक, त्यावर लिनक्स आणि एक छोटं यूएसबी डोंगल. या प्रकाराला सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ, थोडक्यात एसडीआर म्हणतात.

हे डोंगल आलं कुठून?

आरटीएल२८३२यू नावाची चिप मुळात संगणकावर टीव्ही पाहण्याच्या डोंगलसाठी बनवलेली होती. ही चिप टीव्हीचं चित्र तयार न करता हवेतल्या लहरींची कच्ची मोजमापं जशीच्या तशी संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी प्रोग्रामर मंडळींनी ओळखलं. ओस्मोकॉम प्रकल्पाने त्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं आणि स्वस्तातलं टीव्ही डोंगल एकदम रेडिओ झालं. नेहमीचं डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतं.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. हे डोंगल फक्त ऐकतं. त्यातून प्रक्षेपण होत नाही.

संकल्पना: जत्रेतला पाळणा

साध्या रेडिओत स्टेशन निवडणं, आवाज वेगळा करणं ही कामं तारा, कॉइल आणि कपॅसिटर करतात. एसडीआरमध्ये यातली बहुतेक कामं गणित करतं. डोंगल दर सेकंदाला लहर लाखो वेळा मोजतं आणि प्रत्येक वेळी एक नाही, दोन आकडे देतं. मुलं हमखास विचारतात, "बाई, दोन कशाला?"

त्यांना जत्रेतला उभा फिरणारा मोठा पाळणा आठवायला सांगा. एक मुलगा पाळण्याच्या अगदी रेषेत उभा आहे. त्याला एखादी बैठक वर गेली, खाली आली एवढंच दिसतं. दुसरी मुलगी उंच गच्चीवरून थेट खाली पाहते. तिला बैठक पुढे गेली, मागे आली एवढंच दिसतं. पाळणा कोणत्या दिशेने फिरतोय हे दोघांपैकी एकालाही एकट्याने सांगता येणार नाही. पण दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की दिशाही कळते आणि वेगही कळतो. डोंगलचे दोन आकडे म्हणजे या दोघांच्या नोंदी.

आता पुढचं सोपं होतं. एफएममध्ये आवाजाप्रमाणे पाळण्याचा वेग कमीजास्त होतो. एएममध्ये पाळण्याचा आकारच लहानमोठा होतो. सॉफ्टवेअर पहिल्यात वेग मोजतं, दुसऱ्यात आकार. तेच डोंगल, तोच संगणक, फक्त गणित बदललं की रेडिओचा प्रकार बदलला!

कृती: टप्प्याटप्प्याने

१. लिनक्सच्या सॉफ्टवेअर यादीतून आरटीएल-एसडीआर आणि जीक्यूआरएक्स हे दोन प्रोग्राम घ्या. दोन्ही मोफत आहेत.

२. डोंगल लावा. इथे एक अडचण हमखास येते. लिनक्सला वाटतं हे टीव्हीचं यंत्र आहे, म्हणून तो त्याचा टीव्ही ड्रायव्हर लावून बसतो आणि आपल्या प्रोग्रामला डोंगल मिळतच नाही. "क्लेम इंटरफेस" अशी चूक दिसली तर कारण बहुधा हेच. डीव्हीबी-यूएसबी-आरटीएल२८एक्सएक्सयू हा ड्रायव्हर लिनक्सच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाका, संगणक पुन्हा सुरू करा. डोंगल खराब आहे असं समजून टाकून देऊ नका.

३. जीक्यूआरएक्समध्ये डोंगल निवडा, मोजणीचा दर सेकंदाला २४ लाख ठेवा आणि सुरू करा.

४. प्रकार वाइड एफएम निवडून आपल्या गावात लागणारं स्टेशन लावा.

५. गेन हळूहळू वाढवा. जास्त वाढवला तर जिथे स्टेशन नाही तिथेही भुतासारखी खोटी स्टेशनं उमटतात. मुलांना हे मुद्दाम दाखवा.

पडद्यावर वरून खाली सरकणारं रंगीत चित्र दिसेल. त्याला वॉटरफॉल म्हणतात. सेकंदाला २४ लाख मोजण्या म्हणजे एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीची खिडकी. मुंबईत ९२.७ मधोमध ठेवलं तर ९१.९ आणि ९३.५ ही शेजारची स्टेशनंही त्याच चित्रात उभ्या पट्ट्यांसारखी दिसतात. निवेदक थांबला की पट्टी बारीक होते, गाणं सुरू झालं की पसरते. आवाज डोळ्यांना दिसतो, तो हा असा.

फळ्यावर सोडवायची गणितं

- प्रत्येक मोजणीत दोन आकडे, प्रत्येक आकडा एक बाइटचा. सेकंदाला २४ लाख मोजण्या, तर एका तासाची माहिती किती? (सेकंदाला ४८ लाख बाइट, तासाला सुमारे १७ जीबी.)
- लहरीची लांबी मीटरमध्ये काढायला ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. ९८.३ साठी पाव लांबीची अँटेना किती? (सुमारे ७६ सेंमी.) १४५ साठी किती? (सुमारे ५२ सेंमी.) तेवढी तार कापून फरक ऐका.
- स्वस्त डोंगलचं घड्याळ दहा लाखात ५० ने चुकत असेल तर १४५ मेगाहर्ट्झवर चूक किती? (सव्वासात किलोहर्ट्झ.) एफएमचं स्टेशन जवळपास २०० किलोहर्ट्झ रुंद असतं, म्हणून तिथे ही चूक जाणवत नाही. हॅम मंडळींचं एसएसबी बोलणं मात्र तीनेक किलोहर्ट्झमध्येच मावतं. तिथे ही चूक सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केल्याशिवाय काही सापडणार नाही.

एफएमच्या पुढे

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रेडिओ आहे. तो पृथ्वीकडे १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. स्थानक जवळ येताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वर सरकलेली असते आणि लांब जाताना तेवढीच खाली. रुग्णवाहिकेच्या भोंग्यावरून शिकवलेला डॉप्लर परिणाम इथे वॉटरफॉलवर तिरकी रेघ होऊन उतरतो.

दुसरा प्रयोग एफटी८ चा. नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ साली ही पद्धत आणली. तिचे छोटे संदेश १५ सेकंदांच्या ठरलेल्या वेळेत जातात आणि गोंगाटात बुडालेले असले तरी वाचता येतात. डब्ल्यूएसजेटी-एक्स हा मुक्त प्रोग्राम लिनक्सवर चालतो. जीक्यूआरएक्सचा आवाज संगणकातल्या संगणकातच त्याच्याकडे वळवायचा. आपल्या डोंगलच्या आवाक्यात २८.०७४ मेगाहर्ट्झ येतं. दिवसा वातावरण साथ देत असेल तर दूरदेशीच्या हॅमची कॉलसाइन वर्गात उमटते. संगणकाची वेळ मात्र अचूक हवी. दोनेक सेकंदांचा फरक पडला तरी काही वाचता येत नाही.

नियम आणि काळजी

आकाशवाणी, एफएम, हॅम आणि अंतराळ स्थानक एवढंच ऐकायचं. पोलिसांचं किंवा कुणाचं खाजगी बोलणं शोधायचं नाही, रेकॉर्ड करून पाठवायचं तर मुळीच नाही. हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा. अँटेनाची तार विजेच्या तारांजवळ नको, आणि ढग गडगडायला लागले की ती काढून ठेवायची.

बोलायचं असेल तर परवाना लागतो. दूरसंचार विभागाची परीक्षा १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना देता येते, म्हणजे आपली सातवी-आठवीतली मुलंसुद्धा बसू शकतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोड लागत नाही.

हा नुसता छंद नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी अंदमानात होत्या. दूरध्वनी कोलमडले होते. त्या आणि त्यांचे सहकारी रेडिओवरून निरोप पोचवत राहिले. हे जमलं कारण तिथे यंत्र होतं आणि ते चालवणारं शिकलेलं माणूसही होतं. असं माणूस ऐन आपत्तीत तयार करता येत नाही, ते आधी कुठल्यातरी शाळेत किंवा घरात घडलेलं असावं लागतं.

शाळेत अडगळीत पडलेला एखादा संगणक असेल तर या सुट्टीत त्यावर लिनक्स टाका. सुरुवात एफएमपासूनच करा. आणि मुलांना पहिला प्रश्न हा विचारा: "इथे नेट नाही, मग हा आवाज आला कुठून?"