मताचे वय आणि मताची तयारी

मराठीत 'मत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एखाद्या प्रश्नाचा विचार करून मनाने जो निर्णय केला, ते मत; आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रात जाऊन आपण जे देतो, तेही मतच. पहिल्या मताला कोणत्याही कायद्याने वयाची अट घातलेली नाही. दुसऱ्याला मात्र ती आहे. शाळेच्या बाकावर बसलेला विद्यार्थी पहिले मत आजच बाळगू शकतो, परंतु दुसरे देण्यासाठी त्याला थांबावे लागते. हा थांबण्याचा काळ कसा घालवावा, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम वयाची अट कशी आली ते पाहू. ब्रिटिश अमदानीत १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार दिला खरा. परंतु तो कर, मालमत्ता, शिक्षण अशा कसोट्यांवर अवलंबून होता. ज्याच्यापाशी यांतले काही नाही, त्याला मत नाही. १९२८ साली मोतीलाल नेहरू यांच्या समितीने एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताधिकार असावा, अशी शिफारस केली. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३२६ अन्वये हेच तत्त्व स्वीकारले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदार होते व त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. विद्येची अट आपल्या राष्ट्राने घातली नाही. घातली ती केवळ वयाची.

ही अट एकवीसवर कायम राहिली नाही. ब्रिटनने १९६९ साली मताधिकाराचे वय अठरावर आणले आणि अमेरिकेने १९७१ साली घटनादुरुस्ती करून तेच केले. अठराव्या वर्षी तरुणाला सक्तीने व्हिएतनामच्या युद्धावर धाडता येते, मग त्याला मत का नाही, हा प्रश्न त्या काळी अमेरिकेत फार तीव्रतेने विचारला जात होता. आपल्याकडे काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत अठरा हे वय आधीच मान्य केले होते. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती संमत केली व ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील लोकसभा निवडणुकीत अठरा ते एकवीस या वयाचे तरुण प्रथमच मतदान करू शकले. विशेष हे, की ज्या पक्षाच्या सरकारने ही दुरुस्ती आणली, त्याच पक्षाने त्या निवडणुकीत बहुमत गमावले. त्या पराजयाची कारणे अनेक होती व तो तरुणांनीच घडविला असे म्हणता येणार नाही. तथापि मताधिकार देणाऱ्याच्या हाती तो देण्यापलीकडे काही उरत नाही, एवढे त्यावरून दिसून येते.

गोमंतकीय विद्यार्थ्यांना या विषयाचा एक अधिक जवळचा धडा उपलब्ध आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांवर राज्य होते ते पोर्तुगालच्या हुकूमशाहीचे. प्रौढ मताधिकारावर आधारलेली पहिली विधानसभा निवडणूक येथे डिसेंबर १९६३ मध्ये झाली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोमंतकीयांपुढे एक असा प्रश्न ठेवण्यात आला, की जो सहसा कोणत्याही मतदारापुढे येत नाही: आपला प्रदेश महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित म्हणून वेगळा राहावा? विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते.

घरी कोकणी बोलणारे व शाळेत मराठी शिकविणारे आम्ही, या कौलाचा इतिहास शिकविताना नेहमीच थोडे जपून बोलतो. कारण वर्गात बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी फुलाचे स्मरण आहे, तर काहींच्या घरी दोन पानांचे. आणि ही दोन्ही घरे आपापल्या परीने या भूमीवर प्रेम करणारी होती. येथे आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते निराळ्याच गोष्टीकडे. त्या दिवशी मतदानाचे वय एकवीस होते. त्या कौलाचे परिणाम ज्यांना सर्वांत अधिक वर्षे भोगायचे किंवा उपभोगायचे होते, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना त्यात मत नव्हते. त्यांना मत असते तर निकाल बदलला असता, असा तर्क करण्यास आधार नाही. पण वयाची रेषा कोठे ओढावी हा कोरडा कायद्याचा प्रश्न नसून, कोणाच्या भवितव्यावर कोणी बोलावे असा तो प्रश्न आहे, हे या उदाहरणाने पटते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, नववीच्या वर्गात आम्ही हाच विषय चर्चेसाठी ठेवला: मतदानाचे वय सोळा करावे काय? सोळाच्या बाजूने बोलणाऱ्यांपाशी परदेशची उदाहरणे होती. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने सोळा व सतरा वर्षांच्यांना ऐच्छिक मत दिले; ऑस्ट्रियाने २००७ साली सोळा हे वय स्वीकारले; स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केले. शिवाय आपल्या कायद्यात तरी प्रौढत्व एकाच दिवशी कोठे येते? सोळाव्या वर्षी गिअर नसलेल्या लहान दुचाकीचा परवाना मिळतो, अठराव्या वर्षी करार करता येतो, मुलाला विवाहासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते आणि लोकसभेची उमेदवारी करण्यासाठी पंचविसाव्या.

विरुद्ध बाजूचा मुख्य मुद्दा असा होता, की सोळा वर्षांची मुले घरच्यांवर अवलंबून असतात; वडील सांगतील तिथेच त्यांचे मत जाईल. त्यावर एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, की एकेकाळी स्त्रियांना मत देऊ नये म्हणून हेच कारण पुढे केले जात असे. ते उत्तर मार्मिक होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढेच सांगितले होते. अवलंबित्वावर उपाय म्हणून त्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला नाही. आपले नाव आपण सांगावे, हे त्यांना शिकविण्यात आले.

चर्चेअंती आम्ही हात वर करवून निर्णय घेतला नाही. ज्याने जी बाजू मांडली, त्याने विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आपल्या वहीत, तिची थट्टा न करता, लिहून आणावा, असे सांगितले. बोलताना अडखळणाऱ्या काही मुलांनी हे काम वक्त्यांहून सरस केले.

दुसऱ्या आठवड्यात पक्षांच्या धोरणांचा विषय घेतला. शाळेत पक्षाचा प्रचार होता कामा नये, हे उघडच आहे. म्हणून आम्ही एक साधी युक्ती केली. २०२४ चे जाहीरनामे तोवर प्रसिद्ध व्हायचे होते. तेव्हा २०१९ च्या जाहीरनाम्यांतील काही कलमे फळ्यावर लिहिली आणि पक्षांची नावे गाळली. पक्षाचे नाव झाकले, की कलम वाचावेच लागते. पाच वर्षे उलटलेली असल्याने कोणते वचन पुरे झाले व कोणते नाही, हेही तपासता आले. प्रत्येक कलमाला विचारावयाचे चार प्रश्न आम्ही ठरविले होते.

पहिला प्रश्न: हे करण्याचा अधिकार कोणाचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची व समवर्ती अशा तीन याद्या आहेत. संरक्षण व रेल्वे केंद्राकडे, पोलीस व सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, आणि शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीमुळे समवर्ती यादीत. लोकसभेचा उमेदवार गावच्या गटाराचे वचन देऊ लागला, तर तो पंचायतीचे काम आपल्या नावावर मांडीत आहे, हे मतदाराला कळले पाहिजे.

दुसरा प्रश्न: पैसा कोठून येणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निर्देशानुसार निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना केल्या. वचनामागील कारण आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचा मार्ग जाहीरनाम्यात स्थूलमानाने दिसावा, अशी अपेक्षा त्यांत आहे. तो दिसतो की नाही, हे शोधण्याचे काम मतदाराचे.

तिसरा प्रश्न: यात कोणाचा लाभ व कोणाची हानी? चौथा: हे झाले की नाही, ते कोणत्या खुणेवरून ओळखावे?

खाणपट्ट्यातील आमच्या मुलांनी हे चारही प्रश्न, न सांगता, आपल्या घरच्याच विषयाला लावून पाहिले. खाणी पुन्हा सुरू करू, असे आश्वासन गोव्यात निवडणुकीच्या वेळी वारंवार ऐकू येते. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुढे काही काळ सुरू होऊन फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणींचा कायदा संसदेचा, २०१५ च्या दुरुस्तीनुसार लिलाव करावयाचा तो राज्याने, आणि आदेश न्यायालयाचा. तेव्हा 'सुरू करू' या दोन शब्दांत किती जणांचे अधिकार गुंतले आहेत, हे मुलांनी मोजून दाखविले. ज्याच्या घरचा ट्रक दारात उभा राहून गंजला, तो मुलगा आणि जिच्या आजीच्या शेतात पावसाबरोबर खाणीची माती उतरली, ती मुलगी एकाच बाकावर बसतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना दोघांना एकमेकांकडे पाहावे लागले. त्यांचे एकमत झाले नाही, आणि ते व्हावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. परंतु मुलाने मातीचा मुद्दा खोडून काढण्याऐवजी शेताची भरपाई कोण देणार, असे विचारले. आणि मुलीने ट्रकाचे कर्ज कसे फिटणार, असे विचारले. धोरणाची चर्चा ती हीच.

आता उरली ती व्यवहाराची गोष्ट. लोकसभेची निवडणूक सामान्यतः पाच वर्षांनी येते. निवडणूक होऊन गेल्यावर ज्याला लगेच अठरा वर्षे पूर्ण होतात, त्याचे लोकसभेसाठीचे पहिले मत तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पडते. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या कायद्याने जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख अशा चार तारखा केल्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्याला नमुना ६ भरून आगाऊ अर्जही करता येतो. एवढी सोय असूनही २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी अठरा-एकोणीस वर्षांचे केवळ १ कोटी ८० लक्षांच्या आसपास होते. त्या वयाच्या निम्म्याहून अधिक तरुणांनी यादीत नावच घातले नव्हते. जो अधिकार आजोबांना मागूनही मिळत नव्हता, तो नातवाने एका अर्जाअभावी गमवावा, ही खेदाची गोष्ट होय.

विद्यार्थिमित्रहो, मतदानाचे वय सोळा असावे की अठरा, यावर संसद जेव्हा विचार करील तेव्हा करील. तोवर तुमच्यापाशी दोन-तीन वर्षे आहेत. या काळात एखाद्या पक्षाचा जाहीरनामा मिळवा, नाव झाकून वाचा, त्याला वरील चार प्रश्न विचारा, आणि ज्याचे उत्तर तुमच्याहून वेगळे आहे अशा सोबत्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहून काढा. सतरावे वर्ष पूर्ण होताच नमुना ६ भरा. नाव यादीत येईल त्या दिवशी देण्याजोगे मतही तुमच्यापाशी तयार असेल.