हरवलेले छायाचित्र
२०२१ ते २०२४ या काळात मंगळावर ‘इन्जेन्युइटी’ नावाचे चालकविरहित हेलिकॉप्टर उडत असे. पृथ्वीवरील संदेश तेथे पोहोचण्यास कित्येक मिनिटे लागत. म्हणून दिशा, वेग व तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागे. खालच्या भूमीची सेकंदाला ३० छायाचित्रे घेऊन ते आपली गती पडताळून पाही.

२२ मे २०२१ रोजी, सहाव्या उड्डाणात, त्यांतील एकच छायाचित्र हरवले. पुढील प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडू लागली. आपण भलतीकडे चाललो आहोत अशा समजुतीने ते बिचारे वारंवार मार्ग सुधारू लागले आणि हेलकावे खाऊ लागले! परंतु उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात छायाचित्रांवर मुळीच विसंबावयाचे नाही, अशी योजना अभियंत्यांनी आधीच करून ठेविली होती. ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरांच्या आत ते सुखरूप उतरले.