धार की आघात? रानटर्कीची शिकार आणि बाणाचा फाळ

हातिमताईच्या औदार्याच्या कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकल्या असतील. त्याच हातिमचे पुत्र हजरत अदी (रजि.) यांची ओळख मात्र फार थोड्यांना असते. वास्तविक शिकारीसंबंधीच्या इस्लामी नियमांचा मोठा भाग त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच आपल्यापर्यंत पोहोचला आहे. ते शिकार करणाऱ्या लोकांपैकी होते, म्हणून त्यांचे प्रश्न प्रत्यक्ष रानातले होते. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेल्या सावजाचे काय? सावज पाण्यात पडले तर काय? आणि मिअरादने मारलेल्या सावजाचे काय? मिअराद म्हणजे पिसे नसलेला बाण किंवा जड काठी. ती कधी टोकाने लागते, तर कधी आडवी आदळते. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिलेल्या उत्तराचा आशय बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे : हत्यार टोकाने किंवा धारेने लागून आत शिरले असेल, तर ते सावज खावे. ते आडवे आदळून प्राणी मेला असेल, तर खाऊ नये, कारण तो मार बसून मेलेला प्राणी होय.

या उत्तरामागे सूरह अल-माइदाची तिसरी आयत उभी आहे. मेलेले जनावर, रक्त व डुकराचे मांस यांच्यासोबतच गळा आवळून मेलेले, मार लागून मेलेले, उंचावरून पडून मेलेले आणि शिंगाच्या धडकेने मेलेले जनावरही तिथे हराम ठरविले आहे. पुढच्याच आयतीत शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी धरलेल्या सावजाची परवानगी आहे. म्हणजे शिकार मुळात वैध आहे. प्रश्न एवढाच उरतो की प्राण कशाने गेला, धारेने की आघाताने?

सुज्ञ वाचकहो, हा प्रश्न जुन्या अरबस्तानात संपलेला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या माणसांपुढे तो दर वसंत ऋतूत नव्याने उभा राहतो. तिथे अलास्का वगळता सर्व राज्यांत परवाना घेऊन रानटर्कीची शिकार करता येते आणि धनुष्यबाण हे त्यासाठीचे एक मान्य साधन आहे. बंदुकीच्या छर्‍यांबाबत फकीहांमध्ये मतभेद आहेत. गोळी धारेने कापत नाही, तर जोराने व दाहाने मारते, असे इब्न आबिदीन यांच्यासारख्या हनफी विद्वानांचे म्हणणे आहे. मालिकी परंपरेतील अनेकांनी व आजच्या बर्‍याच विद्वानांनी तिला परवानगी दिली आहे. त्या वादात आपण इथे शिरणार नाही. बाणाची बाजू अधिक स्वच्छ आहे, कारण त्याचे उत्तर थेट हदीसमध्ये आहे. पण ते उत्तर ‘बाण’ या शब्दावर थांबत नाही. बाणाच्या टोकाला काय लावले आहे, यावर ते अवलंबून आहे.

त्याआधी पक्ष्याविषयी थोडे. टर्की हा कोंबडी व मोर यांच्याच कुळातला पक्षी. दाणे, फळे, कीटक खाणारा. नराच्या पायामागे टोकदार काटा असतो, पण तो झुंजीसाठी. पंजाने भक्ष्य फाडणार्‍या पक्ष्यांवरची मनाई त्याला लागू होत नाही. मूळचा अमेरिकेचा हा पक्षी हिंदुस्थानात आला तो पोर्तुगीजांच्या गोव्यातून. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत तो होता. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे कौतुकाने वर्णन केले आणि चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले.

रानटर्कीचा पूर्ण वाढलेला नर सात ते अकरा किलोंचा असतो, पण हे आकारमान फसवे आहे. त्यात पिसार्‍याचा भाग मोठा आणि हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम मुठीएवढी. त्याची दृष्टी इतकी तीक्ष्ण की धनुष्य ओढताना होणारी हालचालही तो टिपतो. बाण लागल्यावरही तो पळतो, कधी उडतो. पिसे रक्त शोषून घेतात, त्यामुळे जमिनीवर रक्ताचा माग जवळजवळ राहत नाही. हरणाच्या शिकारीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही. जखम अपुरी झाली तर पक्षी झुडपांत शिरून तासन्‌तास तडफडत मरतो आणि शिकार्‍याच्या हाती लागतही नाही.

आता फाळाकडे वळू. सरावाच्या बाणाला पेन्सिलीसारखे साधे गोल टोक असते. शिकारीच्या फाळाला तिथे ‘ब्रॉडहेड’ म्हणतात. त्याला दोन, तीन किंवा चार पाती असतात आणि वजन बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅमच्या आसपास असते. अचल फाळाची पाती पक्की बसवलेली असतात. तो साधारण एक ते सव्वा इंच रुंद कापतो. दुसर्‍या प्रकारात पाती मिटलेली असतात व लक्ष्यावर लागताच उघडतात. त्यांची रुंदी दीड ते दोन इंच किंवा अधिक भरते. टर्कीसाठी पुष्कळ शिकारी हा दुसरा प्रकार पसंत करतात, कारण जखम रुंद झाली की पक्षी लवकर कोसळतो. पण पाती उघडण्यात बाणाची काही शक्ती खर्च होते. धनुष्याची ओढ हलकी असेल, जसे नवशिक्यांच्या किंवा स्त्रियांच्या धनुष्यांची पुष्कळदा असते, तर अचल फाळ अधिक भरवशाचा. मात्र तो हवेत सरावाच्या टोकाप्रमाणे उडेलच असे नाही. धनुष्य नीट जुळवून त्याच फाळाने आधी नेम तपासावा लागतो.

शरीअतच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार निःशंक आहेत. उघडणारा फाळ एखाद्या वेळी उघडला नाही, तरी त्याचे टोक आत शिरतेच आणि आत शिरणे हीच हदीसची अट आहे. अडचण दुसर्‍या टोकांची आहे. ससे-खारींसाठी बाणाला रबराचे किंवा धातूचे बोथट टोक लावतात. ते कापत नाही, शिरत नाही, केवळ ठोसा देऊन मारते. ही आजच्या काळातली मिअरादची आडवी बाजूच होय. त्याने मेलेला पक्षी ‘बिस्मिल्लाह’ म्हणूनही हलाल होत नाही. दुकानात ते लहान सावजासाठीच्या फाळांच्या रांगेत ठेवलेले दिसले, तर घेणार्‍याने थांबून विचार करावा.

तिसरा प्रकार खास टर्कीसाठीच निघाला आहे. त्याची लांब पाती क्रुसासारखी बाहेर पसरलेली असतात आणि नेम मानेवर धरला जातो. लागला तर मान तुटते, नाही तर बाण रिकामा जातो. मान तुटली तर पक्षी हलाल आहे. शिकारीत शिर धडावेगळे झाल्यास सर्व भाग खाण्याजोगा राहतो, असे हनफी व शाफई दोन्ही फिकहांत मानले आहे. तरीही या फाळाबद्दल माझे मत अनुकूल नाही. टर्कीची मान क्षणभर स्थिर राहत नाही. हा रुंद फाळ वीसेक यार्डांपलीकडे भरवशाने उडत नाही. तो मानेऐवजी छातीवर लागला, तर पसरलेल्या पात्यांमुळे खोल जात नाही; पंख मोडतो, मांस ठेचते आणि पक्षी निसटतो. मग पुढे तो मेलेला सापडला, तर धारेने मेला की माराने, याचे उत्तर कोण देणार? शंका उरली तर खाऊ नये, हाच हदीसचा कल आहे. पाण्यात पडलेल्या सावजाबद्दल अदी (रजि.) यांना हेच सांगितले गेले होते, कारण बाणाने मारले की पाण्याने, हे कळत नाही.

धारेविषयी मात्र दुमत नाही. अल्लाहने प्रत्येक बाबतीत उत्तम रीतीने वागणे बंधनकारक केले आहे, जिबह करणार्‍याने आपली सुरी पाजळून घ्यावी आणि जनावराला कष्ट देऊ नयेत, या आशयाची हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. ती सुरीपुरती मर्यादित समजण्याचे कारण नाही. पुष्कळ शिकारी ज्या फाळाने फोमच्या लक्ष्यावर सराव करतात, तोच रानात नेतात. फोममध्ये दोन-चार वेळा शिरलेले पाते बोथट झालेले असते. ते पिसांना दाबते, कापत नाही. सरावाचा फाळ वेगळा ठेवावा किंवा शिकारीपूर्वी पाती बदलावीत. ताणलेले रबर हलक्या स्पर्शाने तुटते का, एवढी परीक्षा पुरे आहे.

अल्लाहचे नाव केव्हा घ्यावे? जिबह करताना ते समोरच्या जनावरावर घेतले जाते. शिकारीत ते बाणावर, बाण सोडताना घेतले जाते. म्हणून हनफी फकीह सांगतात की एका पक्ष्यावर नेम धरून नाव घेतले व बाण दुसर्‍याला लागला, तरी तो हलाल. पण नाव घेऊन तो बाण खाली ठेवला आणि दुसरा उचलून न म्हणता सोडला, तर नाही. नाव घेण्याचे विसरले तर हनफी मतानुसार पक्षी हलाल राहतो, जाणूनबुजून टाळले तर नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे नाव घेणे ही ताकीद असलेली सुन्नत आहे, ते सुटल्याने मांस हराम होत नाही. एकाच तंबूत रत्नागिरीचा व मराठवाड्याचा शिकारी बसले असतील, तर हा भेद समजून घ्यावा. त्यावरून भांडण नको.

बाण लागल्यानंतरचे काम अधिक जबाबदारीचे आहे. पक्षी जिवंत सापडला आणि जिबह करण्याइतका अवधी असला, तर जिबह करणे आवश्यक होते. न केल्यास तो हलाल राहत नाही. तिथे काही शिकारी जखमी पक्ष्याची मान पिरगळतात किंवा मानेवर पाय देऊन उभे राहतात. मुस्लिम शिकार्‍याने हे कदापि करू नये, तो गळा आवळून मारलेला पक्षी ठरेल. म्हणून धारदार सुरी कमरेला असलीच पाहिजे. टर्की रात्री झाडावर बसतो. तिथे त्याला मारणे अनेक राज्यांत कायद्यानेही निषिद्ध आहे. फिकहची हरकत वेगळी आहे : फांद्यांवर आपटत खाली पडलेला पक्षी पडून मेला की बाणाने, हा संशय. जमिनीवरच्या पक्ष्यावरच बाण सोडावा. पक्षी दिसेनासा झाला, तर शोध चालू ठेवावा. दुसर्‍या दिवशी सापडला व अंगावर आपल्या बाणाखेरीज दुसरी जखम नसली, तर तो खाता येतो, अशी परवानगी अदी (रजि.) यांच्याच हदीसमध्ये आहे. हनफी फकीहांनी त्यात एक अट घातली आहे : शोध सोडून बसलेल्याला ही सवलत नाही.

हे सारे परवानगी असलेल्या देशापुरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर, रानकोंबडा यांसारख्या पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे. आपल्याकडे टर्की दिसतो तो पाळीव, आणि पाळीव पक्ष्याला शिकारीचा नियम लागूच होत नाही. तो हातात येतो, म्हणून त्याला जिबहच करावे लागते. अंगणात सोडून बाण मारला तर तो मेलेल्या जनावरासारखा.

राहता राहिला भेटीचा प्रश्न. तिथे ख्रिस्ती शेजारी किंवा कचेरीतील सहकारी आपल्या शिकारीतले मांस प्रेमाने आणून देतात. ग्रंथधारकांची शिकार त्यांच्या जिबहप्रमाणेच स्वीकारार्ह आहे, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे. अल्लाहचे नाव घेण्याच्या अटीबाबत आपापल्या फिकहप्रमाणे आलिमांना विचारावे. पण शेजार्‍याला एवढे तरी सौजन्याने विचारता येते : बाणाला पाती होती की बोथट टोक, आणि पक्षी हाती आला तेव्हा जिवंत होता का? शिकार्‍याला आपल्या शिकारीची हकीकत सांगायला आवडतेच. तो आनंदाने सांगेल.