धूरनळी किती लांब असावी?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांचे असंख्य भाग तयार होतात. त्यांतील धूरनळी दिसायला अगदी साधी. नळी वाकवली, डबा जोडला, झाले काम, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती बासरीची सख्खी बहीण आहे.

फूटभर प्लॅस्टिकची नळी घ्या आणि एका तोंडावर तळहाताने थाप मारा. नळी अर्धी कापून पुन्हा मारा, स्वर चढेल. थापेची लाट दुसऱ्या टोकाहून परत येते, आणि नळी आखूड असली की लवकर येते.

इंजिनाची निकास-झडप उघडते तेव्हा अशीच जोरदार थाप बसते. दाबाची लाट उघड्या टोकाशी पोचली की विरळ दाबाची लाट होऊन उलट फिरते. ती वेळेवर झडपेशी आली, तर सिलिंडरात उरलेला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा होते.

हिशोब करू या. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, पण ५०० अंश सेल्सिअसच्या वायूत सुमारे ५५७ मीटर. कारण तो निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नळी ९० सेंटिमीटर असेल तर जाण्यायेण्यास ३.२ मिलिसेकंद लागतात. इंजिनाचा एक फेरा मात्र मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या गतीला १० मिलिसेकंदांचा, तर ३००० ला २० चा! म्हणून एकच लांबी सर्व गतींना मानवत नाही. बजाज ऑटोच्या ‘एक्झॉस्टेक’ रचनेत इंजिनाजवळ नळीला छोटा कप्पा जोडलेला असतो, तो कमी फेऱ्यांना ओढ सुधारण्यासाठीच.

वाकवण्यातही मेख आहे. नुसती वाकवली तर नळी चेपते आणि वाट अरुंद होते. जुने कारागीर आत वाळू ठासून, तोंडे बंद करून, तापवून वाकवतात. वाळू मात्र पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर वाफेने बूच गोळीसारखे उडते.

सायलेन्सर काढला की गाडी जास्त पळते, ही समजूत भाबडी आहे. परतणारी लाट अवेळी येऊन कमी गतीची ओढ उलट घटू शकते. शिवाय आजच्या पेट्रोल गाड्यांच्या धूरनळीत उत्प्रेरक असतो. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे धातू विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करण्यास मदत करतात. तोही काढला, तर ते विष मागून येणाऱ्याच्या नाकात! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचाच आहे.

आता तुम्ही सोडवा : वायू ३०० अंश सेल्सिअसला असेल, तर त्याच नळीत लाटेला किती वेळ लागेल? (उत्तर : सुमारे ३.७५ मिलिसेकंद.)