घटक ४ : मराठी संकेतस्थळासाठी होस्टिंगची निवड

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• डोमेन आणि होस्टिंग यांतील फरक सांगता येईल.
• आपल्या संकलनाला किती जागा लागेल, याचा हिशेब करता येईल.
• होस्टिंगची जाहिरातीतील किंमत आणि प्रत्यक्षात पडणारी किंमत यांची तुलना करता येईल.
• पुरवठादाराचा भरवसा आणि त्याच्याकडील देवनागरीची सोय तपासून पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीतील शब्द, म्हणी आणि ओव्या यांचे क्षेत्रीय संकलन कसे करावे, हे पाहिले. संकलन वहीत राहिले तर ते तुमच्यापुरते राहते. महाजालावर गेले तर कोणाही अभ्यासकाला ते उपलब्ध होते. मात्र महाजालावर ठेवायचे म्हणजे नेमके कोठे ठेवायचे, हा प्रश्न संकलनाइतकाच विचारपूर्वक सोडवावा लागतो.

वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाने ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा संग्रह वाचकांसाठी खुला केला आहे. या संग्रहामागे एका केंद्रीय विद्यापीठाचे बळ आहे. कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी आपल्या आजीच्या ओव्या महाजालावर ठेवू इच्छिते, तेव्हा तिच्यापाशी एक मोबाइल आणि वर्षाकाठी खर्च करता येतील असे दोन-तीन हजार रुपये एवढेच असते. हा घटक अशा विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे.

यासंबंधीचा एक अनुभव येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी हिंगणघाट परिसरातील कापूसशेतीचे शब्द जमवले होते. पऱ्हाटी, डवरणी, उलंगवाडी अशा शब्दांचे अर्थ वृद्ध शेतकरी स्त्री-पुरुषांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते. एका छोट्या पुरवठादाराकडून आम्ही स्वस्तात संकेतस्थळ करून घेतले. डोमेनची नोंदणी त्याने स्वतःच्या नावावर केली, हे आम्ही पाहिले नाही. पुढे त्याने व्यवसाय बंद केला, मुदत संपली आणि संकेतस्थळ नाहीसे झाले. शब्दांची यादी आमच्या वह्यांत होती. ध्वनिमुद्रणे मात्र फक्त तेथेच होती. पुन्हा त्या गावांत गेलो, तेव्हा बोलणाऱ्यांपैकी दोन आजी हयात नव्हत्या. दोष पुरवठादाराचा होता, तसा आमच्या अज्ञानाचाही होता. तो तुमच्याकडून घडू नये, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ डोमेन आणि होस्टिंग

संकेतस्थळाच्या पत्त्याला ‘डोमेन’ म्हणतात. संकेतस्थळातील मजकूर, चित्रे व ध्वनिफिती ज्या सतत चालू असलेल्या संगणकावर राहतात, त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात आणि त्या सर्व्हरवरील जागा भाड्याने देण्याच्या सेवेला ‘होस्टिंग’ म्हणतात. या दोन वेगळ्या सेवा आहेत. त्या एकाच कंपनीकडून घेता येतात, तशा दोन कंपन्यांकडूनही घेता येतात.

गावाकडील व्यवहारात सांगायचे तर होस्टिंग ही भाड्याची खोली आहे. खोली बदलता येते. डोमेन हे तुमच्या दारावरील नाव आहे. ते तुमच्याच नावे नोंदलेले असले, तर खोली बदलली तरी वाचक तुमच्यापर्यंत पोहोचतो. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, त्याची नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि ती वेळेवर नूतनीकृत करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून नोंदणी करताना नोंदणीधारक म्हणून स्वतःचे किंवा संस्थेचे नाव, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा. खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असावा. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी लागणारा हस्तांतरण संकेत खात्यातून मिळवता येतो का, हे आधीच विचारून घ्यावे.

२७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे आणि ज्या भाषांसाठी ते सुरू झाले त्यांत आरंभापासून मराठीचा समावेश आहे. मराठी संकलनाला मराठी पत्ता असावा, हे स्वाभाविक आहे. तथापि काही जुन्या प्रणाली देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. त्यामुळे परवडत असल्यास रोमन लिपीतील एक पत्ताही जोडीला घ्यावा.

४.३.२ गरजेचे मोजमाप

जाहिरातीत ‘अमर्याद जागा’ असे लिहिलेले असते. आपल्याला किती जागा हवी हे ठाऊक नसेल, तर हा शब्द भुरळ घालतो. म्हणून आधी मोजावे.

यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘पऱ्हाटी’ या शब्दात प, ऱ, हलन्तचिन्ह, ह, काना, ट आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे आहेत. म्हणून तो शब्द २१ बाइटांचा होतो. एका ओवीत सरासरी ८० चिन्हे धरली तर ती २४० बाइटांची होईल आणि ५०० ओव्यांना १,२०,००० बाइट, म्हणजे सुमारे १२० किलोबाइट लागतील. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याहून कितीतरी मोठे असते.

आवाजाचा हिशेब निराळा आहे. सेकंदाला १२८ किलोबिट या दर्जाची ध्वनिफीत मिनिटाला ९६० किलोबाइट जागा घेते. प्रत्येकी एक मिनिटाच्या ५०० ओव्यांना सुमारे ४८० मेगाबाइट लागतील. महिन्याला २०० श्रोत्यांनी प्रत्येकी २० ओव्या ऐकल्या, तर सर्व्हरवरून सुमारे चार गिगाबाइट माहिती वाहून जाईल. म्हणजे दोन गिगाबाइट जागा आणि दरमहा दहा गिगाबाइट वहन एवढी सोय या संकलनाला पुरेशी आहे. याहून मोठ्या योजनेचे पैसे देण्याचे कारण नाही. ‘अमर्याद’ योजनांतही फाइलींच्या संख्येवर व वापरावर मर्यादा घालणाऱ्या अटी असू शकतात; त्या वाचल्याशिवाय त्या शब्दावर विसंबू नये.

४.३.३ किमतीचा हिशेब

होस्टिंगची जाहिरातीतील किंमत बहुधा पहिल्या मुदतीपुरती असते. नूतनीकरणाचा दर वेगळा असतो. त्यामुळे तुलना नेहमी तीन वर्षांच्या एकूण खर्चाची करावी.

समजा, ‘अ’ योजना पहिल्या वर्षी दरमहा १०० रुपये आणि त्यानंतर दरमहा ३०० रुपये आकारते. ‘ब’ योजना तिन्ही वर्षे दरमहा २०० रुपये आकारते. ‘अ’चा तीन वर्षांचा खर्च ८,४०० रुपये आणि ‘ब’चा ७,२०० रुपये होतो. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर या रकमा अनुक्रमे ९,९१२ आणि ८,४९६ रुपये होतात. पहिल्या दिवशी निम्म्या किमतीत दिसणारी योजना अखेरीस १,४१६ रुपयांनी महाग पडते. याशिवाय बॅकअप, ईमेल आणि सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र यांचे वेगळे पैसे आहेत का, हेही पाहावे. हे प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळू शकते.

४.३.४ भरवशाची परीक्षा

पुरवठादार ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ अशी हमी देतात. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, त्यांतील ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहिली तरी हमी मोडत नाही. हीच हमी ९९ टक्क्यांची असेल, तर महिन्याला सात तास बारा मिनिटे बंद राहण्याची मुभा मिळते. हमी मोडल्यास बहुधा भाड्यातील काही रक्कम परत मिळते, हरवलेला मजकूर मिळत नाही.

मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्रात आग लागून एक इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांच्या बॅकअप प्रती त्याच ठिकाणी होत्या, त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली. जिओसिटीज या सेवेने असंख्य हौशी लोकांना फुकट संकेतस्थळे दिली होती. २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद झाली. एकीकडे अपघात होता, दुसरीकडे व्यावसायिक निर्णय. वापरकर्त्याच्या हाती दोन्ही वेळी एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःजवळची प्रत.

म्हणून तीन प्रतींचा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. एक सर्व्हरवर, एक घरच्या संगणकावर आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील हार्ड डिस्कवर, अशी सोपी योजना करता येईल.

पैसे भरण्यापूर्वी पुरवठादाराच्या मदतकक्षाला दोन प्रश्न लेखी विचारावेत : ‘संपूर्ण संकेतस्थळाची प्रत मला स्वतःला उतरवून घेता येईल का?’ आणि ‘सेवा सोडायची झाल्यास कोणती पद्धत आहे?’ उत्तर किती वेळात आणि किती स्पष्ट येते, यावरून पुढील वागणुकीचा अंदाज येतो.

४.३.५ देवनागरीची परीक्षा

मराठीच्या अभ्यासकाने एक परीक्षा अधिक घ्यावी. प्रायोगिक मुदतीत एक पान तयार करून त्यावर ‘पऱ्हाटी’, ‘बाळ’, ‘ॲप’ आणि ‘ज्ञान’ हे शब्द लिहावेत, जतन करावेत आणि दुसऱ्या यंत्रावरून वाचावेत. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर माहितीसाठ्याचे संकेतन यूटीएफ-८ नाही असे समजावे. ते बदलता येते का, हे विचारावे.

‘ऱ्ह’ या जोडाक्षराकडे विशेष लक्ष द्यावे. ते दोन प्रकारे टंकता येते : नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून किंवा साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राला ती वेगळी वाटतात. दुसऱ्या रूपातील अदृश्य चिन्ह एखाद्या प्रणालीने गाळले, तर ‘ऱ्ह’ऐवजी ‘र्ह’ उमटतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. संपूर्ण संकलनात एकच रूप वापरावे. तसेच शब्दसूची लावताना यंत्र ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवू शकते. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. क्रम मराठीप्रमाणे लावता येतो का, हे तपासावे.

४.३.६ विनामूल्य पर्याय

सर्वांनाच होस्टिंग विकत घेण्याची आवश्यकता नाही. केवळ वाचण्याची साधी पाने गिटहब पेजेसवर विनामूल्य ठेवता येतात. ध्वनिफितींसाठी इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ पासून कार्यरत असलेली ना-नफा संस्था आहे. मात्र तेथे ठेवलेली सामग्री जगभर खुली होते. म्हणून गाणाऱ्या व्यक्तीला हे समजावून सांगून तिची संमती आधी घ्यावी.

या संदर्भात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प अभ्यासण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यात संकलित झाल्या. संकलकांच्या पश्चात ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या वाचकांपर्यंत पोहोचवल्या. नोंदी व्यवस्थित होत्या आणि पुढे सोपवता येण्याजोग्या होत्या, म्हणून दुसऱ्यांना ते काम हाती घेता आले.

४.४ सारांश

होस्टिंग निवडताना आधी गरज मोजावी, तीन वर्षांचा खर्च काढावा, हमीचे आकडे मिनिटांत मांडावेत आणि देवनागरीची चाचणी घ्यावी. डोमेन स्वतःच्या नावे, प्रत स्वतःजवळ आणि मजकूर यूटीएफ-८ संकेतनात असेल, तर पुरवठादार बदलला तरी संकलन टिकते. या तीन गोष्टी हाती ठेवू देणारा पुरवठादार थोडा महाग असला तरी निवडावा.

४.५ स्वाध्याय

१. डोमेन आणि होस्टिंग यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. प्रत्येकी दोन मिनिटांच्या ३०० लोकगीतांच्या ध्वनिफितींना किती जागा लागेल, याचा हिशेब मांडा.
३. ‘९९.५ टक्के सेवा’ या हमीचा अर्थ महिन्याच्या मिनिटांत सांगा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या तालुक्यातील एखाद्या शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळाची माहिती घ्या. त्याचे डोमेन कोणाच्या नावे आहे, नूतनीकरण कोण करते आणि प्रत कोठे ठेवली आहे, हे विचारून दोन पानी अहवाल लिहा. प्रत कोठेच नसल्याचे आढळल्यास ती करून देण्यास त्यांना मदत करा व त्याची नोंद अहवालात करा.