शोकात्म शेवट आणि पूर्वसंहिता : ‘सेइसोहेन’च्या आस्वादातील दुफळी

नोबुहिरो वात्सुकी यांची ‘रुरोनी केन्शिन’ ही चित्रकथा (जपानी संज्ञा : मांगा) ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून १९९४ ते १९९९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ग्रंथरूपाने तिचे २८ खंड निघाले. चित्रकथा चालू असतानाच, १९९६ ते १९९८ मध्ये, तिच्यावर आधारलेली ९५ भागांची सचेतनपट-मालिका (ॲनिमे) दूरचित्रवाणीवर आली. त्यानंतर थेट चित्रफितीच्या रूपाने दोन लहान रचना प्रसिद्ध झाल्या : १९९९ मधील चार भागांची ‘त्सुइओकुहेन’, म्हणजे स्मृतिपर्व, आणि २००१-०२ मधील दोन भागांची ‘सेइसोहेन’. तिन्ही सचेतनपटांचे दिग्दर्शक एकच, काझुहिरो फुरुहाशी. चित्रकथेच्या अखेरीस नायक केन्शिन पत्नी आणि लहान मुलासह सुखाने नांदताना दिसतो आणि आपली तलवार याहिको या तरुण शिष्यवत् सोबत्याच्या हाती सोपवतो. ‘सेइसोहेन’च्या अखेरीस तो असाध्य रोगाने खंगून, बहरलेल्या चेरीच्या झाडाखाली पत्नीच्या कुशीत मरतो. या एका मृत्यूने त्या कथेच्या चाहत्यांमध्ये जी फूट पाडली ती दोन दशके उलटून गेल्यावरही सांधलेली नाही. एका पक्षाच्या मते तो शेवट हा कथेचा विश्वासघात आहे, तर दुसऱ्या पक्षाच्या मते कथेला तिच्या खऱ्या उंचीवर नेणारा तोच एकमेव शेवट आहे.

‘ज्याची त्याची रुची’ असे म्हणून हा वाद बाजूला सारणे सोपे आहे. परंतु वाचकाच्या प्रतिसादाचा अभ्यास करणाऱ्याला तसे करता येणार नाही. दोन्ही पक्ष आपापल्या मताच्या समर्थनार्थ संहितेतील पुरावे देतात, आणि ते पुरावे बव्हंशी खरे असतात. एकाच शेवटाविषयी परस्परविरोधी निष्कर्ष काढणारे दोन्ही पुरावे खरे कसे असू शकतात, हा येथील खरा प्रश्न आहे.

कथेचा काळ मेइजी कालखंडाचे अकरावे वर्ष, म्हणजे १८७८ हा आहे. तोकुगावा शोगुनांची सत्ता १८६८ मध्ये उलथली. तलवार बाळगण्यास बंदी करणारा हुकूम १८७६ मध्ये निघाला आणि १८७७ च्या सात्सुमा बंडाबरोबर सामुराई वर्गाचा शेवटचा सशस्त्र प्रतिकार मोडून पडला. सत्तांतराच्या धामधुमीत कोवळ्या वयात शेकडो माणसे मारणारा हिमुरा केन्शिन आता ‘पुन्हा कोणाचा जीव घेणार नाही’ अशी शपथ घेऊन दहा वर्षे भटकतो आहे. त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूस, म्हणजे आतल्या वक्र कडेला आहे. त्यामुळे नेहमीप्रमाणे वार केला तर समोरच्याला फक्त बोथट कडेचा मार बसतो. त्याच्या डाव्या गालावर फुलीच्या आकाराचा व्रण आहे. त्यातली एक रेघ तोमोए या स्त्रीच्या वाग्दत्त वराने मरता मरता उमटवलेली आहे. दुसरी रेघ खुद्द तोमोएची, जी पुढे केन्शिनची पत्नी झाली आणि त्याच्याच तलवारीने मेली. ही पूर्वकथा ‘त्सुइओकुहेन’चा विषय आहे. चित्रकथेच्या वर्तमानकाळात केन्शिनला आश्रय देते ती कामिया काओरू. ती वडिलांची तलवारविद्येची शाळा चालवते आणि तलवार जीव वाचवण्यासाठी असते असे शिकवते.

चित्रकथेचे उपशीर्षक ‘मेइजी केन्काकु रोमानतान’, म्हणजे मेइजी काळातील एका खड्गधाऱ्याची रोमान्सकथा, असे आहे. ‘रोमान’ हा शब्द लेखकाने मुखपृष्ठावरच ठेवला आहे. वाचक आणि संहिता यांच्यात होणारा करार या शब्दाने स्पष्ट होतो : संकटे येतील, रक्त सांडेल, पण अखेरीस माणूस घरी परतेल. याउलट ‘सेइसो’ या शब्दात ‘तारे’ आणि ‘हिमकण’ अशी दोन चित्रे आहेत. आकाशातले तारे वर्षाला एक फेरी पुरी करतात आणि हिमकण दरवर्षी पडतात, म्हणून या जोडशब्दाचा अर्थ ‘सरून गेलेली वर्षे’ असा होतो. म्हणजे शीर्षकाच्या पातळीवरच दोन वाङ्मयप्रकार समोरासमोर उभे आहेत. मात्र ‘सेइसोहेन’ पाहायला बसलेल्या प्रेक्षकाने त्याआधी काय वाचले वा पाहिले होते, त्यावर यांतील कोणता करार त्याला बांधील वाटणार हे ठरत होते.

हान्स रॉबर्ट याउस याने मांडलेली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते, पण थोड्या दुरुस्तीसह. याउसच्या मांडणीत क्षितिज हे प्रामुख्याने एका काळातील वाचकवर्गाचे असते. येथे काळ एकच असूनही क्षितिजे वेगळी आहेत, कारण पूर्वसंहिता वेगळ्या आहेत.

चित्रकथा अखेरपर्यंत वाचलेल्याची पूर्वसंहिता पाहावी. क्योतो येथील प्रकरणात केन्शिन आपले गुरू हिको सेइजूरो यांच्याकडे अंतिम विद्या मागायला जातो. ती विद्या त्याला साधत नाही, कारण मनाच्या तळाशी तो स्वतःचे जिणे कवडीमोलाचे समजत असतो. जगण्याची इच्छा इतर सगळ्यापेक्षा बलवान असल्याचे त्याला मृत्यूच्या उंबरठ्यावर उमगते आणि त्या क्षणी विद्या साधते. पुढे तोमोएचा भाऊ एनिशी सूड उगवतो तेव्हा तो केन्शिनला मारत नाही, तर काओरूला मारल्याचा देखावा उभा करतो. खचलेला केन्शिन तलवारीला साखळदंड घालून, जगाने टाकून दिलेल्या माणसांच्या वस्तीत जाऊन बसतो आणि अखेर तेथूनच पुन्हा उठतो. याचा अर्थ, ‘मरून प्रायश्चित्त घ्यावे’ हा पर्याय कथेने आधीच नायकासमोर ठेवला आहे, पुरता तपासला आहे आणि नाकारला आहे. प्रायश्चित्त जगूनच करायचे असते, हे या वाचकाच्या लेखी लेखकाने दिलेले सांत्वन नसून २८ खंडांच्या युक्तिवादाचा निष्कर्ष आहे. त्याला ‘सेइसोहेन’मधील मृत्यू दुःखद वाटण्यापूर्वी चुकीचा वाटतो.

आता ज्याने ‘त्सुइओकुहेन’ पाहून ‘सेइसोहेन’ पाहिले त्याचे क्षितिज. तेथे विनोद नाही, विद्यांची नावे घेऊन होणारी अचाट द्वंद्वे नाहीत. तेथे बर्फ आहे, शांतता आहे आणि माणूस मरायला लागणारा वेळ आहे. वार करणाऱ्याच्या मनातील तीव्र भाव शमल्याखेरीज अशी जखम भरत नाही, ही लोकसमजूतही तेथे येते. ‘सेइसोहेन’च्या शेवटी काओरू मृत पतीच्या गालाकडे पाहते तेव्हा व्रण नाहीसा झालेला असतो. ‘त्सुइओकुहेन’च्या प्रेक्षकाला हे प्रतिमेचे वर्तुळ पुरे झाल्यासारखे वाटते, व्रण जायचा तर देहाबरोबरच जाणार, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. इतिहासही त्याच्या बाजूला उभा राहतो. केन्शिनचे पात्र रचताना वात्सुकींसमोर कावाकामी गेन्साई हा ऐतिहासिक मारेकरी काही अंशी होता, आणि गेन्साईला १८७२ मध्ये नव्या मेइजी राजवटीनेच देहदंड दिला.

तिसरा वर्ग केवळ दूरचित्रवाणी-मालिकेच्या प्रेक्षकांचा. त्याची कोंडी सर्वांत बिकट, आणि वादात तिची दखल सर्वांत कमी घेतली जाते. मालिका १९९८ मध्ये संपली तेव्हा एनिशीचे प्रकरण तीत आलेच नव्हते. ते या प्रेक्षकाने प्रथम पाहिले ते ‘सेइसोहेन’मध्ये, काओरूच्या आठवणींच्या तुकड्यांत, पुष्कळ आटोपून. म्हणजे नायकाने मृत्यूचा पर्याय कसा नाकारला याची पुरती ओळख होण्यापूर्वीच त्याला नायकाचा मृत्यू पाहावा लागला.

या वादात एक सोपे स्पष्टीकरण वारंवार डोके वर काढते : जपानी रसिकाला शोकात्म शेवट भावतो आणि परदेशी प्रेक्षकाला गोड शेवट हवा असतो. हे टिकणारे नाही. पराभूत वीराविषयीचा जिव्हाळा जपानी परंपरेत खोल रुजलेला आहे हे खरे. मिनामोतो योशित्सुने या ११८९ मध्ये अंत पावलेल्या सेनानीच्या हुद्द्यावरून ‘होगान-बिइकी’ असा खास शब्दच त्यासाठी रूढ झाला. पण त्याच लोकमानसाने योशित्सुने मेलाच नाही, तो उत्तरेकडे एझोच्या बेटावर निसटला, अशा दंतकथाही रचल्या. आवडत्या वीराचा मृत्यू न स्वीकारणे हे जपानी परंपरेला त्याच्या मृत्यूवर अश्रू ढाळण्याइतकेच जवळचे आहे.

भारतीय वाचकाला या प्रसंगी उलट दिशेचे एक उदाहरण आठवावे. रामकथेत सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरित’ रचताना तो शेवट बदलून रामसीतेचे पुनर्मीलन घडवले. करुणाचा एवढा मोठा कवी, आणि त्याने शेवट मात्र गोड केला. तरी भवभूतीवर रामायणाचा विश्वासघात केल्याचा आरोप सहसा होत नाही. शेवट बदलणे हाच गुन्हा असता तर तो भवभूतीचाही ठरता. पण त्याच्या नाटकात पुनर्मीलनापर्यंतची वाट प्रत्येक अंकात घातलेली आहे. ‘सेइसोहेन’विषयी विचारायचा प्रश्न तोच आहे : मृत्यूपर्यंतची वाट त्याच संहितेत घातली गेली आहे काय?

याचे उत्तर बव्हंशी नकारार्थी द्यावे लागते. येथे समर्थकांच्या भूमिकेतील दुबळेपण उघड होते. ते या रचनेला शोकात्मिका म्हणतात. शोकात्मिकेत नाश हा व्यक्तीच्या कृतीतून, तिच्या निवडीतून उगवावा लागतो, हे ॲरिस्टॉटलपासून मान्य झालेले आहे. मराठी वाचकाला ‘एकच प्याला’ (१९१९) पुरेसे आहे : सुधाकराच्या हातातला पेला इतर कोणी त्याला जबरीने दिलेला नाही. केन्शिनचा रोग मात्र बाहेरून येतो. त्याला नावसुद्धा दिलेले नाही. अपराधभावनेने तो पुनःपुन्हा घर सोडतो, चीन-जपान युद्धाच्या (१८९४-९५) काळात समुद्रापलीकडे जातो, स्मृती हरवतो आणि जुना मित्र सानोसुके त्याला मायदेशी धाडतो. या साऱ्या घटना त्याच्यावर कोसळतात. त्याने केलेल्या निवडी त्यांत फार थोड्या आहेत. ही रचना शोकात्मिका नसून विलापिका आहे. सरलेल्या वर्षांकडे पाहत एका स्त्रीने धरलेला तो लांबलचक सूर आहे आणि शीर्षक तेच सांगते. विलापिका म्हणून ती विलक्षण सुंदर आहे. चुकीच्या नावाने तिचे समर्थन होते आणि त्याच चुकीच्या नावाने तिच्यावर हल्लाही होतो.

मात्र या विलापिकेच्या आत एक खरी निवड आहे, आणि ती काओरूची आहे. पतीच्या यातनांत वाटेकरी व्हावे म्हणून ती जाणूनबुजून त्याचा रोग आपल्या अंगावर घेते. शोकात्म म्हणावी अशी कृती संपूर्ण रचनेत एवढीच. चाहत्यांचा सर्वांत कडवा मतभेदही येथेच आहे, हे त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कोणाला हा पतिप्रेमाचा परमोत्कर्ष वाटतो. कोणाला त्यात एका कर्त्या स्त्रीचे पुसून टाकणे दिसते. आणि चित्रकथेतील काओरू ज्याला आठवते त्याला हा आक्षेप सहज झटकता येणार नाही. जीव वाचवणारी तलवार शिकवणारी ती गुरू येथे वाट पाहणे एवढेच काम करते आणि स्वतःचा जीव उधळून देते. दिग्दर्शकाने हा विरोधाभास पेलला असता, काओरूला तिच्या विद्येशी आणि या निर्णयाशी एकाच वेळी झगडू दिले असते, तर खरी शोकात्मिका जन्माला आली असती. तो झगडा पडद्यावर येत नाही.

त्याची अस्पष्ट जाण संहितेला असावी, असे केन्जीच्या पात्रावरून वाटते. केन्जी हा त्यांचा मुलगा. सदैव दूर असणाऱ्या बापावर त्याचा राग आहे, आणि आई त्या बापामागे झिजते याचाही. दुःखाच्या भव्यतेत सामील व्हायला नकार देणारा तो एकटाच आहे. शेवटावर संतापलेला प्रेक्षक जणू दिग्दर्शकाने आधीच कथेत आणून बसवला आहे. त्याच्या रागाला मिळणारे उत्तर मात्र तोकडे आहे. यापुढे केन्शिनची तलवार यथावकाश त्याच्या हाती येते, पण तो राग गेला कसा हे कळत नाही.

नरसिंह चिंतामण केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक परक्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वत्व विसरत नाही, आणि म्हणून करुणही आनंद देतो, असा तिचा इत्यर्थ. पाच वर्षे आठवड्यामागून आठवडा एका पात्राच्या सोबतीने घालवणाऱ्याच्या बाबतीत यातला ‘विकल्प’ झिजत जातो. त्याची समाधी नाटकगृहातून तीन तासांनी बाहेर पडणाऱ्याची नसते. ‘सेइसोहेन’च्या विरोधकांच्या बोलण्यात काव्यगत करुणापेक्षा घरातले माणूस गेल्याचा लौकिक शोक अधिक ऐकू येतो, आणि त्याला ‘अपक्व आस्वाद’ म्हणून हिणवण्याची समर्थकांची सवय अन्यायाची आहे. दिग्दर्शकाने त्या जिव्हाळ्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. काओरू, याहिको, सानोसुके यांच्याविषयीची माया त्याने चित्रकथेकडून उसनी घेतली आणि जीवनदृष्टी घेतली ती ‘त्सुइओकुहेन’कडून. ज्या संहितेने माया दिली होती तिचे म्हणणे मात्र ऐकले गेले नाही. विरोधकांची तक्रार नेमक्या शब्दांत मांडायची तर ती एवढीच आहे.

दरम्यान २०१७ पासून ‘जंप स्क्वेअर’ या मासिकात वात्सुकींनी मूळ कथा पुढे चालू केली. होक्काइदो येथे, १८८३ च्या सुमारास घडणाऱ्या या भागात केन्शिन जिवंत आहे, केन्जी लहान आहे आणि काओरू पतीसोबत प्रवासाला निघते. होक्काइदो म्हणजेच जुने एझो, योशित्सुनेच्या चाहत्यांनी आपल्या वीराला जिवंत ठेवण्यासाठी जेथे पाठवले तो प्रदेश. २०२३ मध्ये चित्रकथेवरून नवी दूरचित्रवाणी-मालिकाही सुरू झाली. तिच्यापासून आरंभ करून, एनिशीचे प्रकरण आधी पुरते वाचून, मग ‘सेइसोहेन’कडे येणारा प्रेक्षक त्या चेरीच्या झाडाखाली काय पाहील, हे १९९८ च्या प्रेक्षकाला विचारून कळणारे नाही.