ब्रेकचे पैसे कुठे वाचवावेत

वेगवान गाडी सेकंडहँड घेतली की सगळं लक्ष इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्सकडे असतं. ब्रेकची आठवण होते ती चाकातून करकर आवाज यायला लागल्यावर. मग सर्व्हिस सेंटरचं कोटेशन हातात पडतं आणि आपण स्वस्त पर्याय शोधू लागतो. शोधावाच. पण स्वस्त ब्रेक दोन प्रकारचे असतात. एकात गाडीच्या कंपनीचा शिक्का नसल्यामुळे किंमत उतरलेली असते, दुसऱ्यात मालच उतरलेला असतो. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही सारखेच दिसतात. हा फरक मला घाटात कळला. तुम्हाला तो गॅरेजमध्येच कळावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ साली भारतात आलेली २३० पीएसची. एका गॅरेजने तिचे पुढचे डिस्क आणि पॅड बदलून दिले. भोकं पाडलेले चकचकीत डिस्क, नामांकित कंपनीचं नाव छापलेला पॅडचा डबा, वर होलोग्राम, आणि बिल सर्व्हिस सेंटरच्या निम्म्याहून कमी. पुण्यात आणि एक्स्प्रेसवेवर ब्रेक उत्तम लागत होते.

मग एकदा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने महाडला, सासरी निघालो होतो. गाडीत चौघं, डिकीत सामान. अर्धा घाट उतरल्यावर जळका वास आला. पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीसारखं टणक लागलं, पण गाडी हळू होईना. आणखी जोर लावला तरी फरक नाही. गिअरबॉक्स मॅन्युअलवर टाकून दोन गिअर खाली आणले तेव्हा वेग उतरला, आणि रुंद जागा पाहून मी गाडी बाजूला घेतली. मागे बसलेल्या सासूबाईंना काय झालं ते कळलंही नाही. मला मात्र पुरतं कळलं होतं.

पेडल टणक, पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅडनी दम सोडला. पॅडमधलं मिश्रण रेझिनने बांधलेलं असतं. ते त्याच्या मर्यादेपलीकडे तापलं की घर्षण एकदम पडतं. उलट पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचत नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत. पेडल कसं लागलं हे मेकॅनिकला नेमकं सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच होतं.

घाटात ब्रेकवर किती भार पडतो याचा हिशोब मी नंतर मांडला. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि घाट जिथे संपतो ते पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. म्हणजे गाडी सुमारे १,२५० मीटर खाली येते. ही सगळी ऊर्जा एकट्या ब्रेकनी शोषायची म्हटली, तर ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून ३० वेळा गाडी पूर्ण थांबवण्याइतकी होते. हवेचा आणि इंजिनाचा विरोध यातला काही वाटा उचलतो, पण उरलेली सगळी उष्णता डिस्कच्या लोखंडातच जाते. शहरात या परीक्षेची वेळच येत नाही, म्हणून तिथे हलका मालही चांगला वाटतो.

परतल्यावर दुसऱ्या गॅरेजमध्ये चाकं उघडली. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि कडा बोटाने कुस्करत होत्या. मागच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे बॅक प्लेटवर, रंगाखेरीज काही नव्हतं. डिस्कच्या भोकांपासून केसासारख्या भेगा निघाल्या होत्या.

म्हणून पहिली गोष्ट: डबा बाजूला ठेवा, बॅक प्लेट पाहा. युरोपातल्या गाड्यांच्या बदली पॅडसाठी ईसीई आर ९० हा नियम आहे. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हलता कामा नये, असं तो सांगतो. तो पाळणाऱ्या पॅडवर गोलात ‘ई’ आणि देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १, ब्रिटनचा ११, आणि शेजारी ‘९० आर’ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक. कित्येक पॅडवर घर्षणाची दोन इंग्रजी अक्षरंही असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. मात्र ही अक्षरं दर्जाची हमी देत नाहीत, मंजुरी क्रमांकाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

डिस्क घेताना भोकांच्या मोहात पडू नका. जुन्या काळच्या पॅडमधून वायू निघायचा, त्याला वाट द्यायला भोकं आली. आजच्या चांगल्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही. उष्णता शोषून घेतं ते डिस्कचं वजन, आणि भोकं पाडली की ते घटतं. शिवाय हलक्या ओतकामात भेगा तिथूनच सुरू होतात. खाचा पाडलेले डिस्क त्या मानाने बरे, पण ते आवाज करतात आणि पॅड लवकर खातात. रस्त्यावरच्या गाडीला मधून हवा खेळणारे, साध्या सपाट तोंडाचे, हाय कार्बन ओतीव लोखंडाचे डिस्क पुरतात. भोकांच्या किंवा खाचांच्या डिस्कपेक्षा ते बहुधा स्वस्तही असतात.

माप गाडीच्या नुसत्या नावावर सोडू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक आणि इंजिनागणिक डिस्कचा व्यास बदलतो. चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांत स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावरच्या कोडवरून ब्रेकचा नेमका प्रकार कळतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. जुना डिस्क त्या आकड्याजवळ आला असेल तर लेथवर फेस मारून तो वाचवायला जाऊ नका, कारण त्यात उष्णता शोषणारं लोखंडच कमी होतं.

कंपन्यांबद्दल एवढंच सांगेन की एटीई, टीआरडब्ल्यू, टेक्स्टार, पागिड, ज्युरिड, फेरोडो, ब्रेम्बो हे गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणारे उत्पादक आहेत आणि त्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या डब्यातही मिळतो. खरी बचत इथे आहे. पण नकलाही याच नावांच्या निघतात. म्हणून अधिकृत वितरकाकडून, पार्ट नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलावरच घ्या. आणि उत्साहाच्या भरात रेसिंगचे पॅड बसवू नका. ते तापल्यावर पकडतात. जुलैच्या पावसात सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्यांदा ब्रेक दाबाल तेव्हा ते थंडच असतील.

ब्रेक ऑइल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे.

चांगला मालही वाईट बसवला तर वाया जातो. गॅरेजमध्ये उभं राहून काम करवून घ्या. एका अॅक्सलचे दोन्ही डिस्क एकदमच बदलावेत आणि नव्या डिस्कला नवेच पॅड लावावेत. डिस्क चढवण्याआधी हबवरचा गंज ब्रशने पूर्ण काढावा, नाहीतर डिस्क किंचित तिरका बसतो आणि काही महिन्यांत स्टिअरिंग थरथरू लागतं. त्याला लोक ‘डिस्क वाकला’ म्हणतात, पण बहुतेकदा तो पॅडच्या मालाचा असमान थर असतो. कॅलिपरच्या गाईड पिना साफ करून त्यांना रबराला न खाणारं ग्रीसच लावावं. व्हीलबोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत. माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर लागतात.

नवे पॅड डिस्कवर रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करायचा, असं दहाएक वेळा. मधे गाडी चालू ठेवून ब्रेक निवू द्यायचे, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय रोवून थांबायचं नाही. पहिले ३०० किलोमीटर घाट टाळावा. पुढेही घाट उतरताना वेग गिअरने धरावा आणि ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबून सोडावा.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लावा: आधी ताजं ब्रेक ऑइल, मग मंजुरी क्रमांकाचे पॅड, मग साधे, योग्य मापाचे डिस्क, आणि हे सगळं नीट बसवण्याची मजुरी. रंगीत कॅलिपर, भोकं, मोठी किट यांवर हवी तेवढी काटकसर करा. आणि दुकानदार डबा उघडून बॅक प्लेटवरचा क्रमांक दाखवायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, दुसरं दुकान गाठा.